लाल ठिपक्याचं ताट

इब्राहीम भंडारीला मिठाची चव लागत नसे, ही गोष्ट अख्ख्या कॅम्पात दोघांनाच ठाऊक होती. एक खुद्द इब्राहीमला आणि दुसरं पाण्याचा टँकर चालवणाऱ्या मरझूकला.

इब्राहीम मूळचा मुरूडचा. बावीस वर्षं बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. बसऱ्याच्या बंदरात त्याला ताप आला, चाळीस दिवस राहिला आणि जाताना जिभेतली चव घेऊन गेला. तिखट डोळ्यांना कळायचं, आंबट दातांना कळायचं, पण मीठ? मीठ कशाला कळणार? हे गुपित त्याने घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'तरीच माझ्या हातचं तुमाला गोड लागत नाय.' मग जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं.

साल चोपन्न असेल. कतारच्या वाळवंटात तेल लागलं होतं आणि ते उपसायला देशोदेशीची माणसं गोळा झाली होती. माणसं एकत्र आणली ती कंपनीने, आणि वेगळी ठेवली तीही कंपनीनेच. साहेबांचे बंगले समुद्राच्या बाजूला. त्यांच्या मागे आपल्याकडचे कारकून, फिटर, वायरमन यांच्या खोल्या. तारेच्या कुंपणापलीकडे अरब मजुरांच्या बराकी. जेवायच्या जागा तीन, सिनेमाचे वार तीन, हजामसुद्धा तीन. पाणी मात्र एकाच टँकरचं. ते वेगवेगळं करायची युक्ती कुणाला सुचली नव्हती, एवढंच.

इब्राहीम आधी साहेबांच्या मेसमध्ये होता. तिथे नोकरांच्या कपांना बुडाशी लाल रंगाचा ठिपका असे, साहेबांच्या कपांत मिसळू नयेत म्हणून. इब्राहीमने तीन वर्षं त्या ठिपक्याच्या कपातून चहा प्यायला. मग एका जूनमध्ये भट्टीपुढे त्याला भोवळ आली, हाताला लागला तो पेला उचलून तो पाणी प्यायला, आणि पेला साहेबांचा निघाला. तिथला मुख्य बटलर रागावलासुद्धा नाही. त्याने इब्राहीमच्या हातातून पेला अलगद काढून घेतला आणि त्याच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. काच फुटल्याचा तो आवाज इब्राहीमच्या कानात पुढे कित्येक दिवस राहिला. त्याच आठवड्यात तो कोकणी मेसमध्ये आला.

कोकणी मेसची बात निराळी. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, दापोली इकडची वीस माणसं. चटई घालून बसायचं, मध्ये मोठा थाळा आणि एका थाळ्याला चौघं. गावच्या लग्नात बसतात तसं. चौथा येऊन बसल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही, हा नियम. कुणी आजारी पडला, कुणी कामाच्या पाळीवर असला, तर दुसऱ्या थाळ्यावरचा माणूस बोलवायचा, नाहीतर दारावरून जाणाऱ्याला हाक मारायची, पण चार पुरे करायचे. "एका थाळ्यात जेवलेली माणसं एकमेकांच्या पाठीत सुरा खुपसत नाय," असं इब्राहीम म्हणायचा. तो स्वतः सगळ्यांचं झालं की चुलीपाशी बसून टोपातच जेवायचा. भंडाऱ्याला कसलं आलंय ताट.

मरझूक रोज सकाळी दहाला टँकर घेऊन यायचा. उंच, काळाभोर, हसला की डोळे मिटायचे. त्याची आई झांझिबारच्या किनाऱ्यावरून आणलेली. मरझूक एका मोती-व्यापाऱ्याच्या घरी गुलाम म्हणून जन्मला आणि पंधरा वर्षं समुद्राच्या तळाशी शिंपले वेचत राहिला. दोन वर्षांपूर्वी सरकारने गुलामी उठवली आणि त्याच्या हातात एक कागद आला. तो कागद त्याने ताडपत्रीत गुंडाळून टँकरच्या सीटखाली ठेवला होता. वाचता येत नव्हता, पण रोज एकदा हात लावून आहे ना हे बघायचा.

त्या दोघांची भाषा म्हणजे अर्धी अरबी, अर्धी बंदरावरची हिंदुस्तानी आणि उरलेलं हातवारे. मैत्रीला तेवढं पुरलं. पहिल्याच महिन्यात इब्राहीमने त्याला कालवणाचा थेंब तळहातावर देऊन विचारलं होतं, "कसं झालंय?" मरझूक सरळ म्हणाला होता, "समुद्र बरा याच्यापेक्षा." इब्राहीमच्या तोंडाकडे पाहून त्याला काय ते कळलं. दुसऱ्या माणसाने चौकशा केल्या असत्या. मरझूकने दुसऱ्या दिवशी पाइप टाकीत सोडला आणि न विचारता तळहात पुढे केला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. चाटायचं, डोळे मिटायचे आणि बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे एक चिमूट, दोन बोटं म्हणजे दोन, मूठ म्हणजे खलास, बस्स.

"चाचांच्या हातचं मीठ कसं बेतात असतं!" मेसमधली माणसं म्हणायची. सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा तो कमाल. हा स्टोअरचा कारकून, मुरूडचाच. मेसचा कारभार बघायचा आणि जंजिऱ्याच्या नवाबांच्या गोष्टी सांगायचा. त्याचा आजा नवाबांच्या तबेल्यात होता. घोड्यांच्या मागे उभा असायचा, पण कमालच्या तोंडून ऐकलं तर वाटावं की मसनदीवर शेजारी बसायचा.

एका शुक्रवारी मेसच्या दारातच टँकरचं चाक वाळूत रुतलं. नमाज झालेली, थाळे मांडलेले. दारात आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, हे इब्राहीमला आईने शिकवलेलं. त्यातून त्या दिवशी शफीक पाळीवर होता आणि कमालच्या थाळ्यावर तिघंच होते. इब्राहीमने मरझूकचा हात धरला आणि त्याला तिथे घेऊन गेला.

कमालने वर पाहिलं. थाळ्याची कड दोन बोटांनी धरून त्याने तो आपल्याकडे ओढला, चार बोटं असेल-नसेल.

"चाचा, शफीक येल आता," दुसरा एक जण म्हणाला.

शफीक संध्याकाळपर्यंत येणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

खरं म्हणजे इब्राहीमने तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण माणसाचं धैर्य नेमकं नको तिथे पडशाने आजारी पडतं. त्याने चटकन हसून घेतलं, मरझूकला चुलीपाशी नेलं, कपाटातून एक कोरं, पांढरं, निळ्या काठाचं एनॅमलचं ताट काढलं आणि त्यात पुलाव वाढला. शिगोशीग, वर मटणाचे दोन तुकडे जास्त. जास्तीचे तुकडे कशाचे होते, ते इब्राहीमच्या मनाला ठाऊक होतं. तिकडे कमालच्या थाळ्यावर तिघांनीच घास मोडला. त्या मेसमध्ये असं पहिल्यांदाच घडलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर इब्राहीमच्या हातांनी एक काम आपोआप केलं. आग विझवायच्या बादल्यांना लावायचा लाल रंग कोपऱ्यात होता. त्यात त्याने काडी बुडवली आणि त्या ताटाच्या बाहेरून, काठाखाली, एक ठिपका दिला. मिसळू नये म्हणून. काडी टाकून दिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. पण तोवर रंग वाळत आला होता.

दुसऱ्या दिवशी मरझूकने ताट ओळखलं.

"हे कालचंच? माझंच?"

"तुझंच."

"दुसरं कुणी जेवत नाही यात?"

"नाही," इब्राहीम म्हणाला आणि चुलीत नसलेला जाळ सारू लागला.

मरझूकने ताट दोन्ही हातांत घेतलं. "मालकाच्या घरी मोठा थाळा असायचा," तो सांगू लागला. "आधी पाहुणे जेवायचे, मग मालक, मग मुलं, मग घरच्या बायका. थाळा आमच्याकडे यायचा तेव्हा भाताला बोटांचे खड्डे पडलेले असायचे. तेहतीस वर्षांत मला कुणी ताट दिलं नाही, इब्राहीम." मग त्याचं बोट त्या ठिपक्यावर गेलं. "आणि हे काय?"

इब्राहीमने फडक्याने चूल पुसायला घेतली. "ते... तुझं नाव."

आता याला खोटं म्हणा, भित्रेपणा म्हणा, तोंडातून शब्द गेला तो गेला. मरझूकचे डोळे हसून मिटले. त्याने आपलं नाव पुन्हा एकदा बोटाने चाचपलं, जसा तो सीटखालचा कागद चाचपायचा.

आठ दिवसांत टँकरच्या दारावर लाल ठिपका आला. मग पाण्याच्या कातडी पिशवीवर, मग बराकीतल्या त्याच्या लाकडी पेटीवर. मजुरीच्या वहीत तो अंगठा लावायचा, तिथे आता पेन्सिलीने एक गोल काढू लागला आणि कारकुनाला ऐकवू लागला, "हे मरझूक. इब्राहीम भंडारीने शिकवलं." जो तो इब्राहीमला सांगायचा, "चाचा, तुमी तर मास्तर झालात!" इब्राहीमला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. साहेबांच्या मेसमधला तो फुटलेला पेला त्याला पुन्हा ऐकू येऊ लागला, पण आता कचऱ्याच्या डब्यापाशी तो स्वतःच उभा असायचा.

असे सात-आठ महिने गेले. दर शुक्रवारी मरझूक यायचा, चुलीपाशी आपल्या ताटात जेवायचा, ताट स्वतः घासायचा आणि ठिपका पुसला जाऊ नये म्हणून तेवढी जागा बोटाने हळूच पुसायचा.

हिवाळ्यात एक दिवस तो लाजत लाजत आला. कालवण चाखलं, मूठ दाखवली, तरी जाईना.

"लग्न करतोय," तो म्हणाला. "जैतून नाव तिचं. तीही माझ्यासारखीच, दोह्यातल्या एका घरातली. तिलाही कागद मिळालाय."

इब्राहीमने त्याला मिठीच मारली. "माशाल्ला! बोल, काय देऊ तुला लग्नात? कपडा? अत्तर?"

"एक ताट," मरझूक म्हणाला. "माझ्यासारखं. निळ्या काठाचं. आणि त्यावर तिचं नाव घाल. तिला सांगितलंय मी, माझा एक दोस्त आहे, त्याने मला सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट दिलं."

तो गेल्यावर इब्राहीमने कांदे चिरायला घेतले. डोळ्यांना पाणी आलं तर कारण असावं म्हणून.

दुसरा ठिपका आपल्या हातून लागणार नाही, एवढं त्याला कळलं. आणि न लावावा, तर खरं सांगावं लागणार. खरं सांगितलं की हा माणूस उद्या दहा वाजता पाइप सोडेल, पाणी भरेल आणि तळहात पुढे न करता निघून जाईल. साऱ्या वाळवंटात इब्राहीमचं म्हणावं असं माणूस एकच होतं. खोटं बोललं तर तो राहत होता आणि खरं बोललं तर जात होता. देवाने असलं कोडं वैऱ्याला घालू नये.

त्याने आधी सोपी वाट धरून पाहिली. कमालकडे गेला. "नवरामुलगा हाय तो. या शुक्रवारी थाळ्यावर बसवूया. लग्नाचा मान म्हणून."

कमाल म्हणाला, "चाचा, तुमचा जीव जडलाय, आमी काय बोलतो का? जेवतोय ना तो? पण थाळ्यावर नको. हबशी तो. पोरं उठून जातील. मग मेसला दुसरा भंडारी बघायला लागेल, ते तुमाला बरं वाटेल का?"

आवाज किती गोड! बटलरनेही पेला असाच अलगद काढून घेतला होता.

शुक्रवार उजाडला. मटण-पुलाव झाला. मरझूक आला, दोन बोटं दाखवली, मीठ पडलं, मग मूठ दाखवली. नमाजनंतर पाच थाळे मांडले, वीस माणसं बसली. मरझूक नेहमीप्रमाणे चुलीपाशी गेला. पण इब्राहीमने ते निळ्या काठाचं ताट भरलं, उचललं आणि खोलीच्या मधोमध, चटईवर नेऊन ठेवलं.

"इथे बस," तो मरझूकला म्हणाला. मरझूक बिचकत बसला. इब्राहीम त्याच्यासमोर बसला. गुडघे कटकन वाजले ते वीसही जणांना ऐकू गेलं.

"मरझूक, मी तुला खोटं सांगितलं. हा ठिपका तुझं नाव नाही."

मरझूकने घासाला नेलेला हात मागे घेतला.

"साहेबांच्या मेसमध्ये माझ्या कपाला असा ठिपका होता. माझं उष्टं त्यांच्यात मिसळू नये म्हणून. त्या दिवशी यांनी तुला थाळ्यावर घेतलं नाही आणि मी घाबरलो. म्हणून वेगळं ताट दिलं. मान म्हणून नाही. मग ते आमच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून ठिपका दिला. जे माझ्या जिव्हारी लागलं, तेच मी तुला केलं. तू उठून गेलास तर तुझं बरोबर आहे. पण जाणार नसलास, तर एक मागतो. या ताटात मला जागा दे."

"चाचा, काय चाललंय हे?" कमाल उठलाच. "हबशाच्या ताटात बसून तुमी उद्या आमचं जेवण करणार?"

आता मात्र इब्राहीमची सटकली. बावीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाचा आवाज त्या पत्र्याच्या खोलीत घुमला. "कमाल, ज्या नवाबांच्या तबेल्याची तू रोज आरती ओवाळतोस, ते कोण होते रे? सिद्दी! आफ्रिकेतून आलेल्या हबशांची अवलाद. त्यांच्या घोड्यांची लीद काढायला तुझ्या आजाला लाज नाय वाटली. आणि मीठ बेतात, मीठ बेतात म्हणून बोटं चाटता ना सगळे? ते मीठ माझं नाय. माझी जीभ बसऱ्याला मेली. दोन वर्षं तुमचं मीठ हा ठरवतोय. रोज दहा वाजता, त्या चुलीपाशी, याच्या जिभेने. खाल्ल्या मिठाला जागायचं असेल तर जागा. नायतर बघा दुसरा भंडारी, मी पेटी भरतो."

झालं. गुपित गेलं, बहुतेक नोकरीही गेली. इब्राहीमला त्याचं काही वाटेना. तो मरझूककडे बघत होता.

यातलं कोकणी बोलणं मरझूकला किती कळलं, अल्ला जाणे. त्याने ताट हळूच फिरवलं. ठिपका समोर आला. त्यावर त्याने अंगठा ठेवला. त्याचे डोळे भरले होते आणि ते हसण्याने मिटलेले नव्हते.

"लागलं मला," तो म्हणाला. "खूप लागलं, इब्राहीम."

इब्राहीमने मान खाली घातली.

"पण माझं मरझूक हे नावसुद्धा मालकाच्या बापाने ठेवलेलं आहे. मी जन्मलो तेव्हा. बकरीला ठेवतात तसं, हाक मारायला. माझी आई मला काय म्हणायची, ते कुणाला आठवत नाही. मग मी मरझूक टाकून दिलं का? वापरून वापरून ते माझं झालं." त्याने ठिपका पुसल्यासारखा अंगठा फिरवला. "हेही आता माझं झालंय. तू दिलंस तेव्हा वाईट होतं. मी ते चांगलं करून घेतलं. आता तू परत मागू नकोस."

मग त्याने ताट दोघांच्या मधोमध सरकवलं. "यल्ला, चल जेवू. भात गार होतोय."

इब्राहीमने घास घेतला. चव लागली नाही. ती कधी लागणारच नव्हती. पण ताटाच्या पलीकडून मरझूकने एक मटणाचा तुकडा बोटाने त्याच्या बाजूला सारला, आणि इब्राहीम लहान पोरासारखा रडत रडत जेवला.

मेस मोडली नाही. दुसरा भंडारी काय वाळूत उगवतो? दोघं-तिघं महिनाभर फुगून राहिले. कमालने इब्राहीमशी बोलणं टाकलं, पण जेवणं टाकलं नाही. शफीकने मात्र त्याच दिवशी, अर्धा घास हातात असताना, कमालच्या थाळ्यावरून उठून ताटापाशी येऊन विचारलं होतं, "चाचा, इथे चार होतात का?" एवढ्याशा ताटात चार कसे होणार! तरी ते तिघं चिकटून बसले. पुढच्या शुक्रवारी शफीकच्या थाळ्यावर मरझूक बसला. कमालने आपली जागा बदलून घेतली आणि दुसऱ्या, रिकाम्या थाळ्यावर एकटाच चार पुरे व्हायची वाट पाहत बसला.

लग्नानंतर इब्राहीम दोह्याला मरझूकच्या घरी गेला. एक खोली, बाहेर खजुराच्या झावळ्यांची सावली, आणि दारावर अर्थातच लाल ठिपका. इब्राहीमच्या काखेत कागदात गुंडाळलेलं निळ्या काठाचं ताट होतं, कोरं. जैतून पडद्याआड बसली होती. मरझूकने ताट आत नेलं.

आतून तिचा आवाज आला. "यावर नाव नाही?"

"नाही," इब्राहीम बाहेरूनच म्हणाला. "तुझं नाव दुसऱ्याने का लिहावं, मुली?"

आत बराच वेळ कुजबुज झाली, मग हसू. मरझूक दोन्ही ताटं घेऊन बाहेर आला. मेसमधून घरी आणलेल्या त्याच्या जुन्या ताटावर लाल ठिपक्याशेजारी आता मेंदीचा एक ठिपका होता, अजून ओला.

"ती म्हणते, आम्हा दोघांना एक पुरे," मरझूक म्हणाला. मग त्याने नवं ताट इब्राहीमपुढे धरलं. त्याच्याही काठाखाली मेंदीचा ठिपका होता. "आणि ती विचारते, तुझा दोस्त सगळ्यांना वाढतो, तो स्वतः कशात जेवतो? मी सांगितलं, टोपात. मग तिने तुझं नाव लिहिलं."

पंधरा वर्षांनी इब्राहीम कायमचा मुरूडला परतला तेव्हा ते ताट त्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीत होतं. मेंदीचा रंग केव्हाच गेला होता. त्या जागी त्याने स्वतःच्या हाताने लाल रंग भरून घेतला होता. पहिल्याच दिवशी बायको राख घेऊन ताट घासायला बसली आणि म्हणाली, "हा कसला डाग लागलाय? निघता निघत नाय."

इब्राहीमने ताट तिच्या हातातून काढून घेतलं.

"तेवढा राहू दे," तो म्हणाला. "माझं नाव हाय ते."